१९४८च्या नकाशात लातूर कुठे?

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकासाठी मराठवाड्याचा नकाशा काढायला घेतला की पहिली अडचण लातूरची येते. गाव आहे, पेठ आहे, रेल्वे आहे. जिल्हा मात्र नाही. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी, उस्मानाबाद जिल्ह्यातून. त्याच्याही मागे गेलं तर आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. नांदेडचंही तसंच. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि आज तेलंगणात असलेले मुधोळ, भैंसा, कुबेर हे भाग नांदेड जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या रेषा हलल्या.

समजा, एखाद्या लेखकाने आजचा आठ जिल्ह्यांचा मराठवाडा छापला आणि त्यावर १९४८ सालच्या घटनांचे ठिपके टाकले. एकही ठिपका चुकीच्या जागी पडला नाही, तरी तो नकाशा वाचकाला फसवील. उदगीरचा कारभार तेव्हा बिदरशी बांधलेला होता, हे त्यातून कधीच कळणार नाही.

मग पुस्तकासाठी वेगळा नकाशा करून घ्यावा का, की तो खर्च आणि खटाटोप टाळून शब्दांवरच भागवावं? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दोन माणसांच्या तोंडून ऐकलेल्या बऱ्या. एक आहेत नांदेडचे सर: इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. निजामी राज्याच्या सीमेवरच्या केंद्रांमधून चाललेल्या लढ्यावर त्यांचं हस्तलिखित तयार आहे. दुसरी आहे लातूरची नकाशाकार. भूगोल शिकलेली, संगणकावर नकाशे करणारी. सर तिला ‘ताई’ म्हणतात.

सरांचा पहिला मुद्दा सरळ आहे. “ताई, मी चारशे पानं लिहिली आहेत. कोणतं गाव कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर, कुठून कुठे किती कोस, सगळं त्यात आहे. नकाशा लावायचाच असेल तर शेवटी एक पान ठेवू. नेटवरून मराठवाड्याचा नकाशा घ्या आणि त्यावर माझी गावं टाका. हजार प्रतींची आवृत्ती निघणार. त्यात प्रकाशक नकाशावर किती खर्च करणार?”

“सर, तुमच्या एकाच प्रकरणात उमरी आणि उमरखेड अशी दोन नावं येतात,” ती म्हणते. “नांदेडचा वाचक गोंधळणार नाही. कोल्हापूरचा, नाशिकचा वाचक मात्र तिसऱ्या पानावर दोन्ही गावं एकच समजून बसेल. उमरखेड वऱ्हाडात, उमरी निजामाच्या राज्यात. मध्ये पैनगंगा, आणि तेव्हाची सरहद्द पैनगंगाच. उमरखेडला सीमेवरचं केंद्र का होतं, याचं अर्धं उत्तर त्या नदीत आहे. तुम्ही ते चार वाक्यांत सांगितलंय, पण वाचकाला प्रत्येक वेळी त्या चार वाक्यांकडे परत जाता येत नाही. नकाशा मात्र तो केव्हाही उघडतो.”

ते प्रकरण उमरीच्या छाप्याचं. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर छापा घालून तिथली रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. मराठवाड्यातल्या घरांमधून आजही सांगितली जाणारी ही घटना. तिच्या नकाशात काय हवं? पैनगंगा, गोदावरी, हदगाव आणि भोकरचा टापू, उमरीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग, आणि वऱ्हाड-निजाम सरहद्द. परभणी नको, बीड नको, औरंगाबादही नको.

नेटवरचा तयार नकाशा इथेच तोकडा पडतो, हे ती पानावर मापं घेऊन दाखवते. मराठीतलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. समास सोडले की नकाशाला रुंदी उरते दहा सेंटिमीटरच्या आसपास. पश्चिमेला वैजापूर ते पूर्वेला किनवट हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे पानावरच्या एका सेंटिमीटरात छत्तीस-सदतीस किलोमीटर बसवावे लागतात. नांदेड आणि लातूर सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटरवर आहेत. कागदावर ती दोन शहरं तीन सेंटिमीटरवर येतात. उमरी आणि उमरखेड तर दोन सेंटिमीटरच्याही आत. तेवढ्या जागेत नदी, सरहद्द, रेल्वे आणि पाच गावांची नावं बसवली तर नुसता काळा डाग उमटेल. उमरीच्या प्रकरणाला स्वतःचा नकाशा लागतो, तो एवढ्यासाठी.

सरांना हे मापांचं गणित पटतं. त्यांची खरी हरकत वेगळी आहे.

“मला भीती रेषेची वाटते,” ते म्हणतात. “वाक्यात मला ‘सुमारे’ लिहिता येतं. ‘असं सांगतात’, ‘बहुधा’, ‘एका आठवणीप्रमाणे’ असंही लिहिता येतं. समजा एका तुकडीच्या वाटेबद्दल दोन साक्षीदारांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी दोन्ही लिहीन आणि मला कोणती का पटते तेही सांगीन. तुम्ही मात्र बाणाचं टोक असलेली एक जाड रेष ओढाल. वाचक माझी तीन पानं विसरेल आणि तुमची रेष लक्षात ठेवील. पुढच्या पुस्तकात कुणीतरी तीच रेष उतरवून घेईल. असा पुरावा नसलेला इतिहास तयार होतो.”

पुस्तकातल्या नकाशांबद्दलचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. छापलेली रेष आपल्यामागे किती पुरावा आहे ते स्वतःहून सांगत नाही. ताईही तो उडवून लावत नाही. ती म्हणते, रेषेलाही ‘बहुधा’ म्हणता येतं, फक्त ते म्हणायचं आधीच ठरवावं लागतं. कागदपत्रांनी सिद्ध वाट अखंड रेषेने, आठवणींवर आधारलेली तुटक रेषेने. दोन आठवणी असतील तर दोन तुटक रेषा. वाट ठाऊक नसून फक्त टापू ठाऊक असेल तर रेष नाहीच, हलक्या छटेचा पट्टा. आणि काहीच ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवायची.

“वाक्याला जेवढा पुरावा तुम्ही मागता, तेवढाच रेषेला मागा,” ती सांगते. “इरफान हबीबांचा ॲटलस बघा ना सर.”

१९८२ साली प्रसिद्ध झालेला इतिहासकार हबीब यांचा मुघल साम्राज्याचा ॲटलस याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात नकाशांच्या जोडीला सविस्तर टिपा आहेत, आणि नकाशावरची माहिती कोणत्या साधनांवरून घेतली हे अभ्यासकाला त्यातून ताडून पाहता येतं. त्याआधी १९७८ मध्ये शिकागो विद्यापीठाने जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांच्या संपादनाखाली दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलस काढला. पानभर नकाशा छापून मोकळं न होता त्यामागचं पुराव्याचं ओझं वाचकासमोर मांडायचं, ही त्या कामाची रीत होती. मराठी पुस्तकाला एवढा पसारा परवडणार नाही. पण प्रत्येक नकाशासाठी दहा ओळींची टीप कोणत्याही प्रकाशकाला परवडते.

सर ही टीप लगेच मान्य करतात, आणि त्याच दमात ताईच्या कच्च्या नकाशातली मोठी उणीव दाखवतात. तिने निजामाचं राज्य एकाच राखाडी छटेत भरलं आहे. “ते राज्य एका रंगाचं नव्हतं, ताई. सरकारी महसुलाचा दिवाणी मुलूख वेगळा, खुद्द निजामाच्या खासगीचा सर्फ-ए-खास वेगळा, फौज पोसण्यासाठी दिलेल्या पायगा वेगळ्या, जहागिरी वेगळ्या. शेजारच्या दोन गावांत वसूल घेणारा हात वेगळा असायचा. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिरी संपल्या, तेव्हा कुठे सगळं एका कारभाराखाली आलं. शेतकरी लढ्यात का उतरला हे सांगताना मला ही तुकड्यांची गोधडी दाखवायची आहे, आणि तुम्ही ती इस्त्री करून सपाट केली.”

“गाववार यादी आहे का तुमच्याकडे?” ती विचारते.

संपूर्ण यादी नाही. काही तालुक्यांची आहे. मग काय करायचं? राज्यभर अंदाजाने पट्टे मारले तर सरांना ज्याची भीती वाटते तेच हातून घडेल. दोघं ठरवतात ते असं: ज्या एका तालुक्याची माहिती पक्की आहे त्याचा मोठ्या प्रमाणावरचा स्वतंत्र नकाशा, आणि बाकीच्या राज्याच्या नकाशाखाली एक वाक्य, की एकसारखी छटा म्हणजे एकसारखा कारभार नव्हे.

इथे सर इतिहासाच्या आणखी मागे जातात. नकाशा हे मुळात सत्तेचं हत्यार आहे, असं त्यांचं म्हणणं. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासेहून त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. १८१५ मध्ये बिदरजवळ त्याची एक आधाररेषा मोजली गेली, पुढची १८२२ मध्ये वऱ्हाडात अचलपूरजवळ. या दोन आधाररेषा जोडणारी त्रिकोणांची साखळी आजच्या नांदेडच्या बाजूने उत्तरेकडे सरकली. पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. “ज्यांनी हा मुलूख मोजला त्यांना इथल्या माणसांची वाट शोधायची नव्हती. गावकरी शिवेवरून, ओढ्यावरून, बाजाराच्या दिवसावरून मुलूख ओळखायचा. माझे साक्षीदार तसेच बोलतात. त्यांच्या आठवणी मी कंपनीच्या चौकटीत का बसवू?”

ताई या मुद्द्यावर हटत नाही. चौकट कोणी आखली यावर तिचा उपयोग कोणासाठी करायचा हे ठरत नाही, असं ती मानते. तिने दिलेला दाखला लंडनचा आहे. १८५४ मध्ये सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा रोग दूषित हवेतून पसरतो असं बहुतेक जाणकार मानत होते. जॉन स्नो या डॉक्टरने पाण्याकडे बोट दाखवलं. १८५५ साली निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक नकाशा दिला. मेलेल्या प्रत्येक माणसामागे त्या त्या घरापाशी एक छोटी काळी रेघ, आणि भागातले सार्वजनिक पंप. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांची दाटी झालेली दिसते. प्रस्थापित मताविरुद्ध युक्तिवाद करणारा हा नकाशा पुस्तकाचाच भाग होता. स्नोने रस्त्यांचा पाया दुसऱ्यांनी केलेला वापरला. त्याच्यावर मांडलेला प्रश्न त्याचा होता.

“तुमच्या साक्षीदारांचे ओढे आणि बाजार मी त्याच चौकटीत आणते ना,” ती म्हणते. “भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकात ओढा आहे, गाडीवाट आहे, टेकडीची उंची आहे. नाव नसेल, तर ते तुम्ही द्या.”

नकाशाकाराचं काम नेमकं कसं चालतं, हे इथे थोडं सांगायला हवं. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्वेक्षण विभागाने सगळा देश अंक आणि अक्षरांच्या पत्रकांत वाटला आहे. जुन्या पद्धतीत ५६ क्रमांकाच्या चौकटीत ७६ ते ८० पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश येतात. त्यात लातूर ५६ बी या पत्रकात पडतं, नांदेड ५६ ई मध्ये. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी खुली मालिका आणली आणि फेब्रुवारी २०२१ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांवरची बरीच बंधनं काढली. डोंगर-दऱ्यांच्या उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारने घेतलेली मोजमापं मोफत मिळतात. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. या सगळ्यातून पाया तयार होतो. आजचे रस्ते, धरणं, नव्या वसाहती पुसाव्या लागतात आणि त्या काळातलं जे होतं ते भरावं लागतं.

पुसण्याचं हे काम किती नाजूक असतं, ते किल्लारीवर लिहिणाऱ्याला कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादच्या सरहद्दीवरचा हा टापू ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. हजारो माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. आजच्या डिजिटल नकाशावर किल्लारी शोधली तर नवी वस्ती समोर येते. त्या रात्रीचं वर्णन करणाऱ्या प्रकरणाला मात्र जुनी किल्लारी हवी, आणि पुनर्वसनाच्या प्रकरणाला दोन्ही, शिवाय त्यांच्यामधलं अंतर. शेत कुठे राहिलं आणि घर कुठे गेलं, हा पुनर्वसनातला रोजचा प्रश्न एका छोट्या नकाशातून जसा उघड होतो तसा कोष्टकातून होत नाही. हा टापू ताईच्या जिल्ह्यातला. ती याबद्दल बोलते तेव्हा आवाज चढवत नाही, पण मागेही हटत नाही: “जुन्या गावाच्या जागी नव्या गावाचा ठिपका टाकणं म्हणजे माणसं जिथं गेली ती जागा चुकवणं. असं कसं चालंल, सर?”

रेल्वेचा दाखला तिने त्याच ओघात दिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांचा हा मार्ग उस्मानाबाद शहराला बाजूला ठेवून जात होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुंद झाला, तेव्हा उस्मानाबादला जोडून घेण्यासाठी त्याची आखणी बदलली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी लातूरला आली ती या नव्या मार्गाने. म्हणजे दुष्काळावरच्या पुस्तकातला लातूरचा लोहमार्ग आणि छोट्या रेल्वेच्या इतिहासातला लातूरचा लोहमार्ग या दोन वेगळ्या रेषा आहेत. एका पुस्तकाचा नकाशा उचलून दुसऱ्यात लावता येत नाही.

नावांवर मात्र दोघांचं जुळत नाही. २०२३ पासून औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे आणि उस्मानाबादचं धाराशिव. सरांच्या मते १९४८च्या नकाशावर १९४८चंच नाव हवं, कारण त्यांची कागदपत्रं त्याच नावांनी बोलतात. टिपेत उस्मानाबाद आणि नकाशात धाराशिव असं झालं तर अभ्यासक अडकेल. ताई आजच्या शाळकरी मुलाचा विचार करते. त्याला पंधरा वर्षांनी उस्मानाबाद हे नाव शोधावं लागेल. तिला दोन्ही नावं नकाशावरच हवीत, जुनं ठळक आणि नवं खाली बारीक. सर म्हणतात, एवढ्याशा पानावर गर्दी होईल. अखेर दोन्ही नावं पुस्तकाच्या शेवटी स्थळसूचीत जोडीने द्यायची, असं ठरतं. सरांना ते पुरेसं वाटतं, ताईला नाही.

जागेचा मुद्दा खरा आहे आणि त्याचं कारण आपली लिपी. देवनागरी अक्षराला वर मात्रा, वेलांटी आणि रफार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. ‘धर्माबाद’ किंवा ‘मुखेड’ पाच पॉइंटमध्ये छापलं की जाडसर कागदावर शाई पसरते आणि रफार दिसेनासा होतो. त्याहून मोठी अडचण नद्यांची. रोमन लिपीत नदीचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून तिच्या वळणाने नेता येतं. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि ‘गोदावरी’ची चार सुटी अक्षरं उरतात. त्यामुळे मराठी नकाशात नदीचं नाव शक्यतो तिच्या सरळ भागाजवळ सलग लिहावं लागतं आणि लांब नदीवर ते दोनदा द्यावं लागतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर नेला तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते. म्हणून छपाईच्या शेवटच्या मुद्रितावर प्रत्येक नाव पुन्हा वाचावं लागतं. नकाशा दोन पानांवर पसरला तर मधली गावं शिवणीत जातात. ‘एक सेंटिमीटर म्हणजे इतके किलोमीटर’ असं आकड्यात लिहिलं आणि छापखान्यात नकाशा थोडा लहान झाला, तर तो आकडा खोटा ठरतो. प्रमाणपट्टी रेघेने काढली तर ती नकाशाबरोबर लहान होते आणि खरी राहते.

“हे सगळं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी प्रकरणं लिहितानाच गावांची यादी ठेवली असती,” सर म्हणतात.

ताईचा सगळा आग्रह इथेच आहे. तिच्या मते नकाशाचं काम पुस्तक छपाईला निघाल्यावर सुरू करायचं नसतं. लेखनाबरोबरच प्रत्येक प्रकरणासाठी तिला तीन गोष्टी हव्या असतात: गावांची यादी त्या काळातल्या नावांसह, कोणती हालचाल कोणत्या साधनावरून घेतली त्याची नोंद, आणि हा नकाशा वाचकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो ते सांगणारं एक वाक्य. ते वाक्य लेखकाला लिहिता आलं नाही तर तो नकाशा काढायचाच नाही. शोभेसाठी लावलेला नकाशा खर्चही वाढवतो आणि चुकाही.

हक्कांचं आणि कायद्याचंही आधीच पाहावं लागतं. संकेतस्थळावरच्या नकाशाचं पडद्यावरून घेतलेलं चित्र पुस्तकात छापायला परवानगी लागते. ओपनस्ट्रीटमॅपसारखी लोकांनी उभी केलेली माहिती वापरता येते, पण तिच्या परवान्याप्रमाणे श्रेय छापावं लागतं. आणि मराठवाड्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात जागा दाखवायला टिचभर भारत काढला, तरी त्याची बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळायलाच हवी. १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दंडाची तरतूद आहे. जगभर वापरली जाणारी ‘नॅचरल अर्थ’सारखी मोफत माहिती काश्मीरची रेषा वेगळी दाखवते, ती तशीच उचलली तर जबाबदारी प्रकाशकावर येते.

पैशाचा प्रश्न शेवटी उरतोच. सरांचं म्हणणं, मराठी प्रकाशक मुखपृष्ठाच्या चित्रकाराला मानधन देतो, कारण मुखपृष्ठाने पुस्तक विकलं जातं असं त्याला वाटतं. नकाशाने विकलं जातं असं त्याला कोण पटवणार? ताईचं उत्तर असं, की मुक्तिसंग्राम, दुष्काळ, भूकंप, नद्या, किल्ले, यांवरची मराठवाड्याची पुस्तकं महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि संशोधकांच्या हातात वर्षानुवर्षं राहतात. त्यांतला नकाशा एकदा नीट झाला की पुढच्या आवृत्तीतही चालतो, आणि त्याच्या खुल्या फायली जपल्या तर पुढच्या लेखकाला पाया मिळतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात इतिहासाचे आणि भूगोलाचे विद्यार्थी एका हाकेवर आहेत. मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं नाव घेणाऱ्या आणि १७ सप्टेंबर या मुक्तिदिनी, १९९४ साली, स्थापन झालेल्या या विद्यापीठात १९४८चा गाववार पाया तयार करणं हे दोन्ही विषयांचं काम आहे, असं तिला मनापासून वाटतं. सर या एका गोष्टीवर तिच्याहून जास्त आग्रही होतात. जहागिरींच्या गाववार याद्या एकट्या माणसाच्या हयातीत पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

पुस्तकात चार नकाशे जायचे ठरले. पहिला १९४८चा निजामी मराठवाडा, बिदर आणि आदिलाबादसह, ज्यात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव म्हणून दिसेल आणि आजची जिल्हासीमा अजिबात नसेल. दुसरा उमरखेड ते उमरी. तिसरा त्या एका तालुक्याच्या दिवाणी आणि जहागिरी गावांचा. चौथा १९५६ मध्ये इकडून तिकडे गेलेल्या भागांचा. आजच्या रेषा फक्त यातच, तेही तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमांसह.

दुसऱ्या नकाशावरचा वाद अजून मिटलेला नाही. ताईला तुकडीच्या, दोन आठवणींतल्या दोन्ही वाटा तुटक रेषांनी दाखवायच्या आहेत, कारण वाचकाला पैनगंगेपासून उमरीपर्यंतचा मुलूख ओलांडण्याची कल्पना आली पाहिजे. सर एकाही वाटेला तयार नाहीत. नदी, टेकड्या, रूळ आणि गावं एवढंच द्यावं, वाटा मजकुरात राहू द्याव्यात, असं ते म्हणतात. त्यांनी एक अट घातली आहे: कच्चा नकाशा मोठ्या कागदावर छापून आधी हदगाव, हिमायतनगर, भोकर आणि उमरीकडच्या, लढ्यातल्या माणसांच्या घरांत दाखवायचा. तिथल्या लोकांनी बोट ठेवून वाट दाखवली, आणि वेगवेगळ्या घरांतली बोटं एकाच ओढ्यावरून गेली, तर ते तुटक रेषेला होकार देतील. ताईने त्यासाठी गावांची नावं टपोऱ्या अक्षरांत घेतली आहेत आणि वाटांची जागा कोरी सोडली आहे.